छत्री फिरवावी की भंगारात द्यावी?

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या. नवरा पुण्याला नोकरीला, मुलगी नववीत, आणि घरात सासरे, म्हणजे नाना. वय चौऱ्याहत्तर, एसटीत चालक होते. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. घरावर टीव्हीच्या तीन छत्र्या, म्हणजे डिश, आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्यातली एकच चालू, तीही महिन्याच्या रिचार्जवर. रिचार्ज नवरा पुण्याहून मोबाइलवर करतो आणि अधूनमधून विसरतो. जानेवारीत तो विसरला, तेव्हा नाना चार दिवस टीव्हीसमोर बसून होते. पडद्यावर नुसता ग्राहक क्रमांक. कुणाला काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ताईंच्या लक्षात आलं. तेव्हापासून नानांनी एकच धरलंय, छत्री फिरवा आणि फ्री डिश लावा. "वर आकाशमा फुकट शे, मंग पैसा कसाले देवाना?" नवऱ्याला हे मुळीच पटत नाही. "लोक म्हणतील, पोरगा पुण्यात आणि बाप फुकटच्या छत्रीवर." तो नवा स्मार्ट टीव्ही घेऊन देतो म्हणतो, छत्र्या भंगारात द्या म्हणतो. ताई विचारतात, कंपनीची छत्री अशी वापरली तर ती चोरी नाही का? जुन्या छत्रीवर खरंच लागतं का? आणि ऐकायचं कुणाचं? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की छत्र्या नेमक्या तिथेच उभ्या आहेत जिथे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायचे असतात.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे छत्रीवाल्याचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या चार दिवसांपाशी अडले. तुम्ही ते दोन ओळींत लिहून, "नाना तसे हट्टीच" असा शेरा मारून पुढे गेलात. मला तिथून पुढे जाता येईना.

हट्टी माणूस चार दिवस गप्प बसत नाही हो. तो पहिल्याच संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. नाना गप्प बसले, कारण टीव्ही चालू व्हायचा तर मुलाला फोन करून "बाळा, पैसे भर" म्हणावं लागणार होतं. मागच्या महिन्यात म्हणून झालेलं, पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणायचंच. पहाटेची पहिली गाडी काढायला ज्याला कधी कुणी उठवावं लागलं नाही, त्या माणसाला हे मागणं जड जात असणार. हा माझा अंदाज. मी नानांना पाहिलेलं नाही, तुम्ही रोज पाहता. कदाचित प्रश्न खरोखर पैशाचाच असेल. एसटीतून निवृत्त झालेल्यांच्या हातात पेन्शन किती पडते, हे काही गुपित नाही. पण पैशाचा असेल तर तो सोडवायचा रस्ता वेगळा, मागण्याचा असेल तर वेगळा. म्हणून आधी विचारा. जेवताना नको, नवरा फोनवर असताना तर नकोच. संध्याकाळी ओट्यावर बसलेले असले की, "नाना, तेव्हा सांगितलं का नाही?" एवढंच. लगेच उत्तर येणार नाही. येऊ द्या त्यांच्या वेळेने.

आता चोरीचं. तुमच्या मनात छत्री आणि चॅनेल यांची गल्लत झाली आहे. फ्री डिश ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली. तिच्यावरचे बहुतेक चॅनेल कुलूप न लावता सोडलेले असतात, ज्याला हवे त्याने घ्यावेत म्हणूनच. महिन्याचे पैसे नाहीत. आणि छत्री म्हणजे काय, तर वाकवलेला पत्रा. त्यावर कंपनीचं नाव रंगवलेलं असलं तरी पत्र्याला कंपनी कळत नाही. ज्या उपग्रहाकडे तोंड कराल, त्याचं तो गोळा करून देतो. प्रश्न राहतो मालकीचा. बऱ्याच जोडण्या सामानासकट विकत घेतलेल्या असतात, काही भाड्याच्या असतात. जुनी पावती शोधा. नाहीच सापडली, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून बंद पडलेली जोडणी रीतसर बंद करून घ्या आणि सामान परत हवंय का तेही विचारा. नको म्हणाले की विषय संपला. कंपनीचा सेट-टॉप बॉक्स मात्र या कामाचा नाही, तो त्यांच्याच कार्डाला बांधलेला असतो. "याच बॉक्सवर सगळे पैशाचे चॅनेल फुकट लावून देतो" म्हणणारा कुणी बाजारात भेटला, तर ती चोरी. त्याला चहासुद्धा पाजू नका.

नवऱ्याच्या "लोक काय म्हणतील"वर मला थोडं हसू आलं, राग मानू नका. त्यांनी लहानपणी टीव्हीवर जे काही पाहिलं असेल, ते बहुतेक फुकटच पाहिलं असणार. घराच्या धाब्यावर बांबूला बांधलेला अँटेना, वाऱ्याने तो फिरला की एक जण वर आणि एक जण खाली, आणि गल्लीतली निम्मी पोरं दारात. तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. शिवाय फ्री डिशवर नाना फुकट पाहत असले तरी चॅनेलवाला फुकट दाखवत नसतो. तिथल्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, खासगी चॅनेल बोली लावून जागा घेतात आणि जाहिरातींतून वसूल करतात. नानांसारखी माणसं समोर बसलेली असतात म्हणून तर ते पैसे भरतात. यात भीक कुठून आली?

पण हे सगळं नवऱ्याला ऐकवून वाद जिंकायला जाऊ नका. त्यांच्या बाजूने पाहा. पुण्यात बसून बापासाठी दर महिन्याला ते नेमकं काय करू शकतात? औषधं तुम्ही आणता, दवाखान्यात तुम्ही नेता, भाकरी तुम्ही थापता. त्यांच्या हातात राहिलाय तो रिचार्ज. तो नानांनी नको म्हटला, की त्यांना वाटणार आपणच नको झालो. नानांना ज्या रिचार्जचं ओझं, तोच मुलाचा घरात उरलेला हात. म्हणून त्यांच्याकडून रिचार्ज काढून घ्यायचा असेल तर हातात दुसरं काही द्या. नवा बॉक्स त्यांनी पुण्याहून आणावा. छत्री त्यांनीच फिरवावी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतील तेव्हा. हे नुसतं मन राखायला सांगत नाहीये. वर चढायला तरुण माणूस लागतोच, आणि नानांनी वर जायचं नाही, ही माझी एकमेव सक्त अट आहे.

आता लागतं का? लागतं. आणि फार अवघड नाही, फक्त डोकं शांत ठेवून करायचं काम आहे.

फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. आपल्या इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. तो उभा आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. आपल्या खान्देशातून पाहिलं तर तो आग्नेयेला येतो. जळगावचा हिशेब केला तर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत साधारण १३८ अंशांवर, आणि क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. चोपडा, धुळे, नंदुरबार, कुठेही असा, एखाददुसऱ्या अंशाचा फरक. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, पण लोखंडी पाइपाला चिकटून उभं राहून पाहू नका, सुई फसते. दोन-तीन पावलं मागे या.

तुमच्या तीन छत्र्यांपैकी कुठली फिरवायची हे ती आधी कुठे पाहत होती त्यावर ठरवा. सन डायरेक्टची असेल तर ती बहुतेक आधीपासून याच जागेकडे किंवा तिच्या अगदी शेजारी तोंड करून असेल. डिश टीव्हीची असेल तर तिचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी. डी२एच ८८ वर. टाटा प्ले ८३ वर, म्हणजे छत्री बरीच दक्षिणेकडे वळलेली असते, ती साधारण २२ अंश पूर्वेकडे वळवून थोडी खाली झुकवावी लागते. एअरटेल १०८.२ वर, तिथून उलट दक्षिणेकडे यायचं आणि बारा-तेरा अंश वर उचलायचं. २२ अंश ऐकून माणूस छत्री गरकन फिरवतो. दोन इंची पाइपाच्या घेरावर मोजलं तर ते भरतात जेमतेम एक सेंटिमीटर. आणि डिश टीव्हीच्या जागेवरून यायचं असेल तर एक मिलिमीटर! म्हणून बोल्ट सैल करण्याआधी नेलपॉलिशने पाइप आणि पकड दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा. मुलीकडे असेलच. काही जमलं नाही तर निदान होतं तिथे परत येता येतं, आणि किती फिरवलं तेही रेघ सांगते.

त्याआधी छत्री तपासा. गंज असला तर असू दे, गंजाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आकार वाकल्यावर. दोन दोरे घ्या, काठावर समोरासमोर ताणून बांधा, मध्ये फुली होईल असे. दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मध्ये बोटभर फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पत्रा पिळला गेलाय. ती छत्री सोडा, दुसरी घ्या. ज्या छत्रीवर पोरं चढून बसली असतील किंवा जिच्यावर कुणी गोधडी वाळत घातली असेल, ती बहुतेक नापास होते. रंग द्यायचाच तर चकाकणारा देऊ नका. आपल्या उन्हाचं तुम्हाला मी काय सांगावं, चकाकता पत्रा ते ऊन गोळा करून थेट एलएनबीवर टाकतो.

एलएनबी म्हणजे दांडीच्या टोकाला कपाशीच्या बोंडासारखं दिसतं ते, छत्रीने गोळा केलेला सिग्नल बॉक्सकडे पाठवणारं. त्याच्या अंगावर बारीक अक्षरात आकडे असतात. ९७५० आणि १०६०० असे दोन्ही असतील तर चालेल. नुसता १०६०० असेल तर फ्री डिशच्या कामाचा नाही. सांगते का ते. फ्री डिशचा एक प्रवाह ११०९० मेगाहर्ट्झवर येतो. एलएनबी त्यातून आपल्या अंगावरचा आकडा वजा करून बाकी बॉक्सकडे पाठवतो. ९७५० वजा केले की १३४० उरतात, आणि बॉक्सला साधारण ९५० ते २१५० यांच्या मधलंच कळतं. १०६०० वजा केले तर उरतात ४९०, म्हणजे बॉक्सच्या कानावरच पडत नाही. पुढची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकली असेल तरी एलएनबी बदला, आत पाणी गेलेलं असतं. नवा फार महाग नाही, छत्रीपेक्षा त्यावर खर्च केलेला बरा. केबलचंही तेच. काळं आवरण भेगाळलं असेल तर ओढून काढा, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर लावा, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकून जाईल.

बॉक्स घेताना एमपीईजी-४, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत, चालणारा मागा. जुना एमपीईजी-२ वालाही चालतो, पण काही चॅनेल त्यावर दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीच्या मागे एकदा पाहा. अलीकडच्या काही टीव्हींमध्ये उपग्रहाची केबल थेट जोडायची सोय असते, बाहेरून आटे असलेला बारका खांब दिसतो आणि शेजारी सॅटेलाइट असं लिहिलेलं असतं. तसा असेल तर बॉक्सचा खर्चही वाचला. नवरा स्मार्ट टीव्ही घेणारच असेल, तर त्यांना म्हणावं दुकानात हे विचारूनच घ्या.

प्रत्यक्ष फिरवताना लोक जिथे फसतात तिथे मीही फसले आहे. माझं माहेर अमळनेरकडचं. दादाच्या घरी अशीच एक पडीक छत्री होती आणि मला फार आत्मविश्वास. तीन तास मी गच्चीवर, दादा खाली, मध्ये वहिनी जिन्यात उभी राहून निरोप पोचवतेय. "आलं का?" "ऐंशी दाखवतंय!" "चित्र?" "नाही!" ऐंशी, पंच्याऐंशी, पुन्हा ऐंशी, आणि पडदा काळा. शेवटी गावातला छत्रीवाला आला. त्याने पाच मिनिटांत लावलं आणि वर मला विचारलं, "ताई, तुम्ही कोणती पट्टी बघत होत्या?" बॉक्सवर दोन पट्ट्या असतात, सिग्नलची ताकद आणि सिग्नलचा दर्जा. ताकदीची पट्टी भलत्याच उपग्रहावरही भरते, नुसती केबल जोडली तरी थोडी भरते. दर्जाची पट्टी हलली तरच तुम्ही बरोबर दाराशी आहात. आणि बॉक्सला कळायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे केसभर हलवायचं, थांबायचं, खालून हाक आली की पुढे. मी भिंगरीसारखी फिरवत होते, बिचाऱ्या बॉक्सला काही कळायच्या आत उपग्रह मागे टाकत.

त्या छत्रीवाल्याने आणखी एक केलं. एलएनबीची पकड सैल करून तो जागच्या जागी पिळला. टाटा प्लेच्या जागेवरून ९३.५ ला आलं की एलएनबीलाही साधारण २० अंशांचा पीळ द्यावा लागतो. हे कुणी सांगत नाही. चित्र दिसतं पण चौकोन पडतात, ढग आला की जातं, असं होतं ते बऱ्याचदा यामुळे. कुठल्या बाजूला हे पाठ करू नका. दोन्हीकडे थोडं थोडं पिळून पाहा, दर्जाची पट्टी जिथे जास्तीत जास्त भरेल तिथे आवळा. आणि हे सगळं करण्याआधी पाइप उभा सरळ आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने तपासा, नाहीतर अंशांचे आकडे पुस्तकातच राहतात.

बॉक्समध्ये सेटिंग करताना उपग्रह ९३.५ निवडायचा, ध्रुवण उभं म्हणजे व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, आणि ११०९० वर ठेवून पट्टी पाहायची. चित्र मिळालं की आपोआप शोध लावून द्यायचा, बाकीचे चॅनेल तो गोळा करतो.

झाडाचं एक. तुमच्या घराच्या आग्नेयेला कडुनिंब किंवा शेजाऱ्यांचं वरचं बांधकाम असेल तर सगळी मेहनत पाण्यात. ते कसं ओळखायचं? वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा काही मिनिटं चित्र फाटतं, घाबरायचं नाही. पण त्या दिवसांत त्या वेळी छत्रीवर फांदीची सावली पडत असेल, तर उपग्रहही त्या फांदीआडच आहे. फांदी छाटा किंवा छत्री हलवा.

हे काम करताना नानांना कुठे बसवायचं, तर टीव्हीसमोर, रिमोट हातात देऊन. दर्जाची पट्टी त्यांनी वाचायची आणि वर ओरडून सांगायची. ज्याने आयुष्यभर गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी ऐकली, त्याला या कामाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आता शिट्टी त्यांच्याकडे. आणि एकदा चॅनेल शोधायचं, यादी नव्याने भरायचं त्यांच्या हाताने करून घ्या, शाईने मोठ्या अक्षरात कागदावर पायऱ्या लिहून टीव्हीमागे चिकटवा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर निम्मं तरी त्यांचं त्यांना सोडवता यावं.

फ्री डिश लावून काय गमवाल, तेही आधीच सांगते, म्हणजे नंतर सगळ्यांचा राग तुमच्यावर निघायला नको. तुमच्या आवडीची मराठी मालिका तिथे असेलच असं नाही. दूरदर्शनचे चॅनेल आहेत, सह्याद्री आहे, शेतीचं डीडी किसान आहे, बातम्या आहेत, सिनेमे आणि भजनं आहेत. खासगी चॅनेलांच्या जागा मात्र लिलावावर ठरतात आणि एक एप्रिलला यादी बदलते. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले मनोरंजनाचे हिंदी चॅनेल तिथून काढून घेतले, २०२० मध्ये परत आणले, २०२२ मध्ये पुन्हा नेले. गावोगाव लोक हैराण झाले होते. क्रिकेटचं असं की देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, असा २००७ चा कायदा आहे, म्हणून भारताचे बरेच सामने डीडी स्पोर्ट्सवर मिळतात. आयपीएल त्यात धरू नका. मुलीसाठी एक सांगते. याच जीसॅट-१५ वरून शिक्षणाचे स्वयंप्रभा चॅनेलही येतात, २०१७ पासून. नववीतली मुलगी ते आनंदाने बघेल असं मी म्हणणार नाही, मीही नववीत होते.

पाऊस जोराचा लागला की चित्र जाईल. ते पैशाच्या छत्रीवरही जातं. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा झोपतात, तिथे छत्री काय टिकणार, म्हणून बोल्टांखाली वॉशर घालून नीट आवळा. विजा कडाडत असतील तर केबल बॉक्सपासून काढून ठेवा.

मग स्मार्ट टीव्ही का नको? नको असं नाही. पण नवऱ्याला विचारा, नेटचं काय? तोही रिचार्जच. तो संपला की पुन्हा पडदा काळा, पुन्हा पुण्याला फोन. आणि नानांना संध्याकाळी बसल्यावर समोर काहीतरी चालू असलेलं हवं असतं. काय बघायचं ते आधी शोधा, टाइप करा, निवडा, हे त्यांना कितपत रुचेल? सासूबाई असताना रिमोट कुणाच्या हातात असायचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की नानांच्या हातात नसावा. जे चालू असेल ते दोघांनी पाहत बसायचं, एवढाच त्यांचा टीव्ही असेल. मुलीला आणि तुम्हाला मोबाइलसारखं हवं ते पाहायचं असेल तर स्मार्ट टीव्ही आणा, त्यालाच मागून छत्रीची केबल जोडा. दोन्ही नांदतील.

एकाच छत्रीवर दोन एलएनबी लावून पैशाचं आणि फुकटचं दोन्ही घेता येतं, असंही कुणी सांगेल. होतं तसं, पण अनुभवी हात लागतो. तुमच्याकडे तीन छत्र्या पडल्या असताना त्या भानगडीत पडायचं कारण नाही. एक चालू आहे ती नवऱ्याचा हट्ट असेपर्यंत तशीच राहू द्या, दुसरी फिरवा. दोन-तीन महिने दोन्ही चालवून पाहा. नाना कुठली लावतात ते आपोआप कळेल, कुणी जिंकायचा आणि कुणी हरायचा प्रश्नच येत नाही.

पत्रात सगळ्यांना काय हवं ते आहे. नानांना काय हवं, नवऱ्याला काय हवं, गाव काय म्हणेल. तुम्हाला काय हवं, त्यावर फक्त बिबड्यांची एक ओळ आहे. मग त्याच ओळीपासून सुरुवात करू. फिरवायची छत्री गच्चीच्या मध्यात ठेवायची गरज नाही. आग्नेयेकडचं आकाश मोकळं असलं की झालं, ती पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या कठड्यालाही बसते. तिसरी, जी दोऱ्याच्या परीक्षेत नापास होईल, ती भंगारात द्या. तिचा पाइप मात्र देऊ नका, कठड्याला लावायला तोच कामाला येईल. भंगारवाल्याकडे देण्याआधी नवऱ्याला विचारायची गरज वाटत असेल तर विचारा, मला विचाराल तर नाही. गावाकडे केबलवाल्याच्या धाब्यावर ती मोठी जाळीची छत्री असायची ना, आठ-दहा फुटांची, तिच्यावर आता वालाचा वेल चढलेला मी पाहिलाय. तसल्या छत्रीवरही वेगळा, सी बँडचा एलएनबी लावून बरंच काही मोफत पकडता येतं, पण तो हौशी लोकांचा खेळ. तुम्हाला गच्ची मोकळी हवी आहे, आणखी भरायची नाही.

आखाजीला बिबडे, कुरडया सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून छत्रीचं काम त्याच्या आदल्या दिवशी उरकून घ्या. सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत. आणि केबलला हात लावण्याआधी बॉक्सची पिन भिंतीतून काढायला विसरू नका. बॉक्स एलएनबीला त्याच केबलमधून वीज पाठवत असतो, तारा एकमेकींना चिकटल्या तर नवा बॉक्स पहिल्याच दिवशी जातो.